रस्ता कुणी ठरवायचा?

पुणे, १४ डिसेंबर

चि. भाचीबाईस,


तुझी मेल आणि तिन्ही कोटेशनं मिळाली. फोनवर सांगून भागेल असं तुला वाटतंय, पण हे तुला पुढे संचालक मंडळाला समजवायचं आहे, आणि मंडळात कुठल्या तरी विक्रेत्याच्या ओळखीचं कुणी ना कुणी असतंच. तोंडी बोललेलं तिथे टिकत नाही. म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

तू विचारलंयस, दूध संघाचं राउटिंग क्लाउडवर न्यावं की आपल्याच सर्व्हर रूममध्ये ठेवावं. माझं मत आधीच सांगून टाकते. गावोगावच्या केंद्रांचं क्लाउडवरून चालू दे, मुख्य प्लँटचं स्वतःकडे ठेव, आणि पैसे मोजण्याआधी एक चाचणी स्वतःच्या हाताने करून बघ. ती कोणती ते पुढे सांगते. तेवढी एक केलीस तर या पत्रातलं बाकीचं विसरलीस तरी माझी हरकत नाही.

आधी ती कोटेशनं. तिन्हींवर ‘क्लाउड’ लिहिलंय, पण तिघं तीन वेगळ्या वस्तू विकतायत. मंडळात दर शेजारी शेजारी ठेवून तुलना होणार आणि सगळ्यात स्वस्त ते पास होणार, म्हणून हा फरक तूच आधी कागदावर मांड. पहिल्या कोटेशनमध्ये राउटर तुमच्याच केंद्रात बसतो आणि पॅकेट कुठे पाठवायचं हे तोच ठरवतो. त्याची मांडणी, अपडेट आणि देखरेख तेवढी कंपनीच्या क्लाउडमधून होते. मेराकीसारखी उपकरणं या जातीची. दुसरं कोटेशन एसडी-वॅनचं आहे. त्यात राउटर तुमच्याकडेच असतात, पण कुठल्या केंद्राने कुणाशी टनेल बांधायचा, कुठली किल्ली वापरायची, कुठला मार्ग धरायचा हे क्लाउडमधला कंट्रोलर सांगतो. तिसऱ्यात तुमची सगळी वाहतूकच आधी क्लाउडमधल्या राउटरपर्यंत जाणार, तिथे वळणार आणि मग जिथे जायचं तिथे उतरणार. म्हणजे एकात फक्त देखरेख बाहेर जाते, दुसऱ्यात निर्णयही बाहेर जातो आणि तिसऱ्यात वाहतूकसुद्धा.

मंडळातल्या मंडळींना हे एसटीवरून सांग. गाडीचं वेळापत्रक विभागीय कार्यालयात ठरतं, गाडी चालक चालवतो. कार्यालयाचा फोन बंद पडला म्हणून संध्याकाळची मुक्कामी गाडी डेपोत उभी राहत नाही; कालच्याच वेळापत्रकाने सुटते. आता तुझा प्रश्न असा: कार्यालयाशी संपर्क तुटला तर यातली कुठली गाडी सुटेल, आणि किती दिवस सुटत राहील?

विक्रेत्याला हे विचारलंस की तो हसून म्हणेल, ‘मॅडम, क्लाउड गेला तरी डेटा चालू राहतो.’ त्याचं खोटं नाही. बहुतेक चांगली उपकरणं शेवटची मांडणी स्वतःत साठवतात आणि पुढे चालत राहतात. पण माहितीपत्रक जिथे लिहिलं जातं तिथे वीज जात नाही. आपल्याकडे वादळात विजेचा खांब पडतो आणि त्याच खांबावर केबलवाल्याची फायबर लटकलेली असते. लाइन आणि लाइट एकदम जातात. केंद्रातला इन्व्हर्टर तासा-दोन तासांत मान टाकतो, राउटर बंद पडतो. मग लाइट येते, फायबर मात्र दोन दिवस येत नाही, आणि जोडीला असलेलं ४जी सिम टॉवरच्या डिझेलवर अवलंबून असतं. अशा वेळी राउटर नव्याने चालू होतो तो क्लाउडशी बोलल्याशिवाय. त्याला आपण कोण, कुणाशी बोलायचं, केंद्रातल्या केंद्रात कुणाला कुठला पत्ता द्यायचा हे आठवतं की नाही, यावर सगळं आहे. चालू राउटरला क्लाउड सोडून जाणं आणि क्लाउड नसताना राउटर नव्याने उठणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. विक्रेते पहिलीचं प्रमाणपत्र दाखवतात.

ही काही माझ्या डोक्यातली भीती नाही. ९ मे २०२३ रोजी सिस्कोच्या व्हीएज या एसडी-वॅन राउटरांमधलं एक प्रमाणपत्र मुदत संपून निकामी झालं. राउटर गिऱ्हाइकांच्या कपाटात होते, त्यांनीच विकत घेतलेले होते, पण कंट्रोलर त्यांना ओळखेनासा झाला. चालू होते ते चालत राहिले. त्या यंत्रणेत कंट्रोलर नसताना जुने मार्ग धरून ठेवायची मुदत मुळात १२ तासांची असते. कंपनीने गिऱ्हाइकांना घाईघाईने कळवलं की काहीही करा, पण राउटर बंद-चालू करू नका. आता विचार कर, आपल्या एखाद्या शीतकरण केंद्रावर भरदुपारी लाइट गेली तर ‘राउटर बंद करू नका’ हा सल्ला पाळायचा कुणी?

म्हणून ती चाचणी. पहिल्या दोन कोटेशनांच्या कंपन्यांकडून आठवड्यापुरती दोन-दोन उपकरणं डेमोला माग. दुपारी, सकाळचं संकलन संपून संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधीच्या वेळात, एका केंद्रावर बस. कंपनीच्या क्लाउडचे पत्ते वरच्या फायरवॉलवर अडव. केंद्राचं इंटरनेट चालू, फक्त क्लाउड दिसत नाही अशी स्थिती कर. अर्धा तास काम चालवून बघ. मग राउटरचा प्लग काढ, पाच मिनिटं थांब, परत लाव. उठतो का? संगणकाला पत्ता मिळतो का? प्लँटशी टनेल बांधला जातो का? प्रिंटर चालतो का? त्यानंतर इंटरनेटही पूर्ण काढून हेच परत कर. विक्रेत्याचा माणूस शेजारी बसलेला असू दे, पण त्याला हात लावू देऊ नकोस. काय चाललं आणि काय थांबलं ते वेळेसह लिही आणि त्याची सही घे. हजार पानी तांत्रिक प्रस्तावापेक्षा हा एक कागद मंडळात जास्त बोलेल.

आता क्लाउडची बाजू, कारण केंद्रांसाठी मी त्याच बाजूची आहे. तुझी चाळीसेक केंद्रं, तू स्वतः, दोन पोरं आणि एक एएमसीवाला. केंद्रांना स्थिर आयपी मिळत नाही. घरगुती फायबर असो की सिम, बऱ्याचदा कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवते. बाहेरून त्या केंद्रात शिरताच येत नाही. केंद्रानेच आतून हाक मारली तर दुवा जुळतो. जुन्या पद्धतीने एकेक टनेल हाताने बांधत बसलीस तर चाळीस ठिकाणी, प्रत्येकी दोन लाइनी, प्रत्येकाची वेगळी किल्ली, आणि कुठेतरी पत्ता बदलला की पहाटे साडेपाचला फोन. क्लाउडमधला कंट्रोलर नेमकं हेच काम उत्तम करतो. सगळी केंद्रं त्याला हाक मारतात, तो ओळखी करून देतो आणि बाजूला होतो. राउटर जळला तर नवा खोक्यातून काढून सचिवाने दोन वायरी जोडल्या की मांडणी आपोआप खाली उतरते. तुझ्या पोराला मोटरसायकलवर घाट उतरून जावं लागत नाही. याचे पैसे द्यायला माझी ना नाही.

दुसरं म्हणजे अपडेट. ‘आपलं ते आपल्याकडे’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारते, तुमच्या राउटरचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललंत? ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीत एक भोक सापडलं. धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १०. ज्यांनी राउटर सांभाळायचं वेबपान इंटरनेटला उघडं ठेवलं होतं त्यांची उपकरणं काही दिवसांत हजारोंच्या संख्येने परक्यांच्या ताब्यात गेली. ही सगळी स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या कुलपात ठेवलेली उपकरणं होती. सर्व्हर रूमच्या दाराला कुलूप आहे म्हणजे सुरक्षा आहे, ही समजूत आपल्या सहकारी संस्थांमध्ये फार खोल रुजलेली आहे. ज्या संस्थेत राउटरकडे बघायला माणूस नाही तिथे दुसऱ्या कुणीतरी वेळच्या वेळी पॅच लावणं हे नुसत्या मालकीपेक्षा बरं.

मग प्लँट का नको क्लाउडवर? कारण तिथे काय चालतं ते बघ. पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं की नाही, नसेल तर ते मागे वळवायचं, हा निर्णय जागच्या जागी पीएलसी घेतो. त्या यंत्रांच्या जाळ्याचा रस्ता कुठल्याच क्लाउडकडे जाता कामा नये, इंटरनेटकडेही नको. तिसऱ्या कोटेशनवाल्याच्या आकृतीत स्काडाचा संगणक आणि पॅकिंग विभाग यांच्यातली वाहतूकसुद्धा वर जाऊन खाली येताना दाखवली आहे. शंभर फुटांवरच्या दोन यंत्रांनी मुंबईमार्गे बोलायचं! त्याला नम्रपणे सांग की आतली वाहतूक आतच, प्लँटमधल्या लेयर-थ्री स्विचवर वळेल. बाहेरच्या सगळ्या लाइनी तुटल्या तरी प्लँटचं आतलं काम एका सेकंदानेही अडता कामा नये. ही अट कुठल्याही किमतीला सोडू नकोस.

प्लँटच्या दारात स्वतःच्या राउटरांची जोडी ठेव. एक बंद पडला की दुसरा उचलेल. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घे, दोन्हींवर स्थिर आयपी. केंद्रांचे टनेल इथे येऊन उतरतील. आणि दोन कंपन्या म्हणजे दोन रस्ते असं समजू नकोस. बऱ्याचदा दोघांची फायबर एकाच चरातून, एकाच खांबावरून आलेली असते, आणि जेसीबीवाल्याला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत. एका संध्याकाळी स्वतः चालत जा, प्लँटच्या फाटकापासून पुढच्या नाक्यापर्यंत वायर कुठून येते ते डोळ्यांनी बघ. दोन्ही एकाच बाजूने येत असतील तर दुसरी लाइन वायरलेस घे. एक कंपनी तुला स्वतःचा एएस नंबर घेऊन बीजीपी चालवायला सांगतेय; दोन लाइनी आणि एका प्लँटला त्याची काडीचीही गरज नाही. हौस म्हणून शिकायचं तर घरी शीक, मी पुस्तक देते.

सर्व्हर रूम कुठे आहे हेही विचारून घेते, कारण मला आठवतंय त्याप्रमाणे ती तळमजल्यावर, वजनकाट्याच्या मागे होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि मुंबई-पुण्याचं दूध अडलं. ‘स्वतःकडे ठेव’ असं मी म्हणते तेव्हा ‘तळमजल्यावर ठेव’ असं म्हणत नाही. राउटर, बॅटऱ्या आणि लाइनींची टोकं पहिल्या मजल्यावर हलवायचा खर्च याच प्रस्तावात घाल. वेगळा प्रस्ताव केलास तर तो पुढच्या पुरापर्यंत फाइलमध्ये राहील.

मालकी आपली असली म्हणजे आपण सुटलो असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं होतं, तुला आठवत असेल. फेसबुकचं सगळं जाळं फेसबुकच्याच मालकीचं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला, मागोमाग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले मार्ग इंटरनेटवरून काढून घेतले, आणि दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर असल्यामुळे इंजिनिअरांना प्रत्यक्ष जागेवर जावं लागलं. सहाएक तास गेले. पुढच्या वर्षी ८ जुलैला कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं असंच कोसळलं. देशभरची डेबिट कार्डं अडली, आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे स्वतःचे फोनही रॉजर्सचेच होते, त्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलता येईना. बरं, क्लाउडवाले तरी सुटले का? २५ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यात एका राउटरचा पत्ता बदलताना दिलेल्या आदेशाने बाकीचे राउटर आपापले मार्ग नव्याने मोजत बसले. आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजून गेले होते, टीम्स आणि आउटलुक कितीतरी वेळ हँग.

यातून मी तुला घ्यायला सांगते ती गोष्ट छोटी आहे. प्लँटच्या राउटरांच्या कन्सोलला तिसऱ्याच कंपनीच्या सिमवरचा एक लहान राउटर जोड, ज्याचा संघाच्या बाकीच्या जाळ्याशी संबंध नाही. मुख्य जाळं झोपलं तर त्या वाटेने आत जाता येईल. ते सिम दर महिन्याला रिचार्ज होतंय ना हे कुणाकडे तरी नावानिशी सोपव. आणि तुम्हा तिघांच्या फोनमध्ये एकाच कंपनीची सिमं असतील तर एकाने बदला.

कामं एकेक करून बघितलीस तर घाबरण्यासारखं किती कमी आहे तेही दिसेल. संकलन केंद्रावर दूध मोजलं, फॅट आणि एसएनएफ काढलं, पावती छापली, हे संकलन यंत्र स्वतःच करतं. लाइन दिवसभर नसली तरी उत्पादकाला पावती मिळते आणि नोंदी नंतर वर जातात. तिथे फक्त एक खात्री कर: जुन्या नोंदी यंत्रात किती दिवस राहतात? दहा दिवसांचं बिल चुकलं तर गावात तुझं नाव निघेल, राउटरचं नाही. शीतकरण केंद्रावर टाकीचं तापमान ४ अंशांवर आहे की नाही याचा इशारा मात्र मिनिटांत पोचायला हवा. त्यासाठी लाइनीवर विसंबण्यापेक्षा साधा एसएमएस पाठवणारा इशारायंत्राचा डबा बसव. तुपाच्या गाडीला ई-वे बिल लागतं, ते सरळ इंटरनेटवरून निघतं. आज तुमच्या डेपोतलं असलं सगळं काम आधी प्लँटला येतं आणि मग बाहेर जातं, ते बंद कर. डेपोतून थेट बाहेर जाऊ दे, प्लँटकडे फक्त ईआरपीची आणि हिशेबाची वाहतूक येऊ दे. नुसत्या एवढ्यानेच तुझ्या प्लँटच्या लाइनीवरचा अर्धा ताण उतरेल, आणि कदाचित मोठी लाइन घ्यावीच लागणार नाही. हे कुठल्याच कोटेशनमध्ये नाही, का ते तू ओळखशील.

तिसऱ्या कोटेशनमधला दर सगळ्यात कमी दिसतो, त्याच्या तळटिपा वाच. क्लाउडमध्ये डेटा आत जाताना फुकट असतो, बाहेर पडताना मीटर पडतो. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रातून इंटरनेटवर बाहेर पडणाऱ्या जीबीला महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर साधारण ९ ते १० रुपये पडतात. त्यांच्या ट्रान्झिट गेटवेला प्रत्येक जोडणीमागे तासाचं भाडं आणि जाणाऱ्या जीबीमागे वेगळे पैसे. आता चेअरमनसाहेबांना शीतकरण केंद्रांचे कॅमेरे प्लँटवर थेट बघायचे आहेत. एक कॅमेरा २ एमबीपीएसने चालला तर तासाला ९०० एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबी, महिन्याला साडेसहाशे जीबीच्या घरात. म्हणजे क्लाउडमधून वळवलेला एकच कॅमेरा महिन्याला सहा हजार रुपयांच्या आसपास खाईल. किती कॅमेरे आहेत ते तू गुण. कॅमेऱ्यांचं चित्रण केंद्रावरच साठव, हवं तेव्हा हवं तेवढंच बघा.

तिसऱ्या कोटेशनवाल्यांचा सगळ्यात जवळचा राउटर कुठल्या शहरात आहे तेही लेखी विचार. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर अंतर ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे, प्रत्यक्षात त्याहून जास्त. वाहतूक सिंगापूरला वळत असेल तर ईआरपीतली प्रत्येक ओळ अडखळेल आणि शिव्या तुला बसतील. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथे मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं असताना समुद्र ओलांडायचं कारण नाही.

आता परवान्याबद्दल, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. क्लाउडवरून चालणारं उपकरण तुम्ही विकत घेतलं तरी बऱ्याचदा परवाना भरेपर्यंतच ते कामाचं. मेराकीच्या ज्या परवान्यात सगळ्या उपकरणांची मुदत एकत्र धरली जाते त्यात मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर जाळं चालायचं थांबतं. खाजगी कंपनीत हे बिल कुणीतरी भरतं. सहकारी संस्थेत काय होतं ते तुला ठाऊक आहे. मंडळाची मुदत संपते, निवडणूक लांबते, प्रशासक येतो, आणि प्रशासक नव्या सहीला हात लावत नाही. ‘हा खर्च भांडवली की महसुली’ यावर लेखापरीक्षकाची शंका येते. तीस दिवस कुठे गेले कळत नाही. म्हणून परवाना पाच वर्षांचा एकरकमी घे, जमल्यास उपकरणांसोबत त्याच ठरावात. मुदत संपायची तारीख निवडणुकीच्या वर्षात येत नाही ना ते बघ. आणि मुदत संपल्यावर उपकरण नुसतं बदल करू देत नाही की पॅकेटच पाठवत नाही, हे प्रत्येक कंपनीकडून पत्रावर घे.

कंपनीची मालकीही बदलते. व्हेलोक्लाउड नावाची एसडी-वॅन कंपनी २०१७ मध्ये व्हीएमवेअरने घेतली, २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली, आणि जुलै २०२५ मध्ये ब्रॉडकॉमने व्हेलोक्लाउड अरिस्टाला विकली. उपकरण तेच, बिलावरचं नाव बदलत गेलं. यावर औषध एवढंच की दर आठवड्याला मांडणीची प्रत आपल्याकडे उतरवून घ्यायची. कंपनीच्या खास भाषेत नको, माणसाला वाचता येईल अशी: कुठल्या केंद्राचा कुठला पत्ता, कुठला मार्ग, कुठली लाइन. ती दोन पानं छापून तिजोरीत ठेव.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. क्लाउडच्या पडद्यावर किती दिवसांचे लॉग दिसतात ते विचार. कमी असतील तर प्लँटमधल्या एका साध्या सर्व्हरवर ते उतरवून घे. तो सर्व्हर क्लाउडवर नको.

तेव्हा ठराव असा मांड: केंद्रं आणि डेपोंसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या कोटेशनमधलं जे चाचणीत उठेल ते, प्लँटसाठी स्वतःची जोडी, पहिल्या मजल्यावर, तिसऱ्याला आभाराचं पत्र. चाळीसही केंद्रं एकदम बदलू नकोस. आधी पाच, त्यातलं एक घाटातलं आणि एक रोज लाइट जाणारं. एक पावसाळा जाऊ दे, मग बाकीची. मंडळात कुणी म्हणेल, ‘अमुक संघाने सगळं क्लाउडवर नेलंय.’ त्यांना विचार, त्यांच्याकडे आयटीत माणसं किती आणि त्यांची वीज कशी आहे.

चाचणीचा कागद झाला की मला पाठव. दराची घासाघीस आपण दोघी मिळून करू. आधी परवान्याचा दर तोडायचा, उपकरणांचा नंतर. दादाला सांग, त्याची शुगरची गोळी पोस्टाने पाठवलीय.

तुझी,
आत्या

ता. क. नवे टनेल लागल्यावर एक तक्रार हमखास येईल: लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण दहा दिवसांचा मोठा अहवाल अर्ध्यावर लटकतो. सगळे सर्व्हरला दोष देतील. आधी पॅकेटचं माप बघ. साधं पॅकेट १५०० बाइटचं, फायबरवर पीपीपीओई असेल तर १४९२ उरतात, त्यातून टनेलचं वेष्टन आणखी काही खातं. राउटरवर टीसीपीचा एमएसएस १३५० च्या आसपास बांधून टाक आणि मग अहवाल परत काढून बघ.